विजेची कणगी आणि विजेचा रांजण

पुणे जिल्ह्याच्या पूर्वभागात, शिरूर आणि दौंड या तालुक्यांच्या खेड्यांतून, 'बॅटरी' या शब्दाचा अर्थ शहरातील अर्थाहून किंचित निराळा आहे. शहरातील मनुष्य बॅटरी म्हणतो तेव्हा त्यास विजेचा साठा अभिप्रेत असतो. भीमेच्या किंवा घोडनदीच्या काठचा शेतकरी रात्री उसाला पाणी द्यावयास निघताना 'बॅटरी दे' म्हणतो, तेव्हा तो हातात धरावयाचा दिवा मागत असतो. दिवा आणि त्याच्या पोटातील साठा या दोहोंस एकच नाव पडावे हे अर्थपूर्ण आहे. ज्या गावी तारेवरून वीज आली नव्हती त्या गावी वीज म्हणून जे काही प्रथम पोचले, ते पत्र्याच्या नळकांड्यात कोंडलेले असे पोचले. ते तालुक्याच्या बाजारातून विकत आणावे लागे. काही रात्रींत ते संपे. आणि संपले म्हणजे बांधावर फेकून देऊन पुन्हा बाजाराची वाट धरावी लागे.

या क्रमाला गेल्या काही दशकांत दोन वस्तूंनी छेद दिला आहे. एक, उन्हापासून वीज निर्माण करणारी काचेची पाटी, जिला सर्वत्र सोलर पॅनेल म्हणतात. आणि दुसरी, सुपरकपॅसिटर या नावाने ओळखली जाणारी साठवण, जिला मराठीत महाधारित्र म्हणता येईल. लहान उपकरणांतून बॅटरी हद्दपार करावयास ही जोडी पुरेशी आहे काय, असा प्रश्न साहजिकच उपस्थित होतो. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी या साठवणीचा इतिहास पाहणे इष्ट होईल. कारण त्या इतिहासात एक गोष्ट वारंवार दृष्टीस पडते, ती ही की, साठा मोठा केल्याने जेवढे साधले त्याहून अधिक उपकरणाची भूक कमी केल्याने साधले आहे.

प्रथम 'बॅटरी' या शब्दाकडेच पाहावे. १७४५-४६ च्या सुमारास पोमेरेनियात फॉन क्लाइस्ट याने आणि हॉलंडातील लायडन नगरीत मुशेनब्रुक याने, एकमेकांच्या प्रयोगांची वार्ता नसता, असा शोध लावला की, पाणी भरलेल्या काचेच्या पात्रात घर्षणाने निर्माण केलेली वीज साठवून ठेवता येते. पुढे पाण्याच्या जागी काचेला आतून व बाहेरून धातूचा पातळ पत्रा लावण्यात येऊ लागला. हीच सुप्रसिद्ध लायडन बरणी. सातारा येथे छत्रपती शाहू महाराजांचे निधन झाले त्या १७४९ सालीच अमेरिकेत बेंजामिन फ्रँकलिन याने अशा प्रकारच्या काचेच्या कित्येक तावदानांची एक मालिका जोडली, आणि तोफांच्या रांगेला सैन्यात जो शब्द होता तोच तिला लावला. तो शब्द म्हणजे 'बॅटरी'. सारांश, आज ज्याला कपॅसिटर किंवा धारित्र म्हणतात त्याचीच मालिका ही जगातील पहिली बॅटरी होय. हे नाव धारित्राकडून घटाकडे गेले ते नंतर.

त्या नंतरच्या घटनेची तारीखही मराठी श्रोत्यांच्या ध्यानात राहण्यासारखी आहे. १३ मार्च १८०० रोजी पुण्यात नाना फडणीस निवर्तले. त्यानंतर बरोबर सात दिवसांनी, २० मार्च रोजी, इटलीतील अलेस्सांद्रो व्होल्टा याने लंडनच्या रॉयल सोसायटीला एक पत्र लिहिले. जस्त आणि चांदी यांच्या चकत्या एकावर एक रचून, त्यांच्यामध्ये मिठाच्या पाण्यात भिजविलेले पुठ्ठे ठेवले असता विजेचा अखंड प्रवाह मिळतो, असे त्याने त्या पत्रात कळविले होते. लायडन बरणी एका ठिणगीत रिकामी होई. व्होल्टाचा स्तंभ पुष्कळ वेळ वीज देत राही. लोकांनी साहजिकच स्तंभ पत्करला, आणि बॅटरी हे नाव त्यालाच चिकटले.

या दोन साठवणींमधील भेद घरगुती दृष्टांताने चटकन समजतो. घट हा धान्याच्या कणगीसारखा आहे. कणगीत माल पुष्कळ मावतो आणि तो दीर्घकाल टिकतो. परंतु त्याची भाकरी व्हावयाची तर तो आधी दळावा लागतो. घटात हे दळण रासायनिक क्रियेचे असते. जस्त झिजते, रसायने पालटतात, आणि त्या पालटातून वीज बाहेर पडते. धारित्र हे पाण्याच्या रांजणासारखे आहे. त्यात वीज ही वीज म्हणूनच राहते, दोन पृष्ठांवर समोरासमोर थबकून. रांजण क्षणात भरता येतो, क्षणात उपसता येतो, आणि कितीही वेळा भरला-उपसला तरी झिजत नाही. त्याचा दोष इतकाच की, त्यात थोडे मावते, आणि जे मावते तेही हळूहळू पाझरते. पुढचा दीडशे-पावणेदोनशे वर्षांचा काळ हा कणगीच्या विजयाचा काळ ठरला.

शिरूर-दौंडच्या प्रदेशात विजेचा प्रवेश झाला तो या कणगीच्याच रूपाने, आणि तोही दौंडच्या बाजूने. हिंदुस्थानातील तारायंत्र १८५५ साली सार्वजनिक उपयोगासाठी खुले झाले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग १८५८ साली पुण्याहून पूर्वेस दौंडवरून भीमाकाठच्या डिकसळपर्यंत पोचला. पुढे १८७८ साली दौंड-मनमाड मार्ग सुरू झाला आणि दौंड हे मोठे जंक्शन बनले. लोहमार्गाबरोबर तारेचे खांब आले, आणि तारायंत्राला लागणारी वीज काचेच्या पात्रांतून आली. १८६६ साली फ्रान्समधील जॉर्ज लक्लांशे याने जो घट सिद्ध केला त्यात जस्ताची कांडी, कोळशाची कांडी, मँगेनीजची काळी भुकटी आणि नवसागराचे पाणी असे. भांड्यांना कल्हई करणाऱ्याच्या थैलीतील जो नवसागर, तोच हा. जगभर तारायंत्रांनी आणि रेल्वेच्या खुणेच्या यंत्रांनी हा घट आपलासा केला, कारण त्यांची भूक अल्प होती. क्षणभर टकटक करावयाचे आणि मग स्वस्थ बसावयाचे. अल्प भुकेच्या उपकरणाला लहान साठा पुरतो, या नियमाचा हा पहिला मोठा दाखला होय.

१८८६ च्या सुमारास जर्मनीतील कार्ल गास्नर याने नवसागराच्या पाण्याऐवजी त्याचा लगदा वापरून न सांडणारा शुष्क घट तयार केला, आणि वीज हातात घेऊन चालावयाची सोय झाली. शिरूरला लोहमार्गाचा स्पर्श झाला नाही. तेथील व्यवहार पुणे-नगर रस्त्याने चाले. परंतु शुष्क घटाला ना रूळ लागत, ना तार. तो वाण्याच्या दुकानात मीठ-मिरचीच्या शेजारी बसू शकत होता, आणि तसा तो बसलाही.

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला मात्र वेगळे चित्र होते. मावळात लोणावळे, वळवण आणि शिरवटे येथे तलाव बांधून टाटांनी घाटाखाली खोपोलीस १९१५ साली जलविद्युत् केंद्र सुरू केले. मावळात अडविलेल्या पावसाची वीज मुंबईच्या गिरण्यांस मिळाली. सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत पडलेल्या पूर्वेकडील तालुक्यांच्या वाट्याला तो पाऊसही नव्हता आणि ती वीजही नव्हती. त्यांच्यासाठी वीज म्हणजे सेल, हा हिशेब त्यानंतरही कित्येक दशके कायम राहिला.

स्वातंत्र्यानंतर या हिशेबाला एक नवा खर्च जोडला गेला, तो रेडिओचा. आकाशवाणीचे पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिल या काळात युनेस्कोच्या साहाय्याने या केंद्रावरून शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रसिद्ध प्रयोग करण्यात आला. पुणे, अहमदनगर, नाशिक, उत्तर सातारा आणि कोल्हापूर या पाच जिल्ह्यांतील १५० गावे त्यासाठी निवडली होती. आठवड्यातून दोन दिवस अर्ध्या तासाचा कार्यक्रम, याप्रमाणे एकंदर वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकावे, चर्चा करावी आणि आपल्या शंका केंद्राकडे पाठवाव्यात, अशी ती योजना होती. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या वतीने पॉल न्यूरथ यांनी तिचे परीक्षण केले, आणि तिला आलेले यश पाहून १९५९ साली ही पद्धत देशभर नेण्यात आली.

या चर्चांचा आधार शेवटी रेडिओ-संच चालू असणे हाच होता. त्या काळातील व्हॉल्व्हचा संच मोठा खादाड असे. ज्या गावी वीज नव्हती तेथे त्यास दोन प्रकारची बॅटरी लागे. एक व्हॉल्व्हच्या तारा तापविण्यासाठी, आणि दुसरी ९० व्होल्टच्या आसपास दाबाची. दोन्ही मिळून संच सुमारे दीड वॉट खाई. बॅटरी बसली की संच मुका होई. पीक, पाणी, खत यांविषयी शहरातून येणारा आवाज गावापर्यंत पोचावयाचा की नाही, हे बाजारातून येणाऱ्या एका खोक्यावर अवलंबून होते.

ही अडचण दूर झाली ती बॅटरी मोठी करून नव्हे. १९४७ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टरचा शोध लागला, आणि त्यावर चालणारे रेडिओ १९६० नंतर खेडोपाडी पसरू लागले. व्हॉल्व्हला जी तार तापवावी लागे ती ट्रान्झिस्टरला नव्हती. बेताच्या आवाजात वाजणारा ट्रान्झिस्टर रेडिओ एका वॉटच्या दशांशाच्या आसपास विजेवर चालू लागला. साठा तोच राहिला, किंबहुना लहान झाला. भूक मात्र दहा-पंधरा पटींनी उतरली. खांद्याला ट्रान्झिस्टर लटकवून गुरे राखणारा मुलगा या प्रदेशातील माळांवर दिसू लागला, तो या बचतीमुळे.

सेलच्या या युगाची एक खूण अनेक ग्रामीण शाळांच्या भिंतींवरही होती. संपलेला सेल फोडून त्यातील काळी भुकटी काढावयाची आणि तिने शाळेचा फळा सारवावयाचा, हा उद्योग कित्येक पिढ्यांनी केला. ती भुकटी म्हणजे मँगेनीजचे ऑक्साइड आणि काजळी. त्या काळच्या अनेक सेलांत जस्त गंजू नये म्हणून अल्प प्रमाणात पाराही घालीत असत. मुलांच्या हातांना लागणाऱ्या त्या काळिम्यात तो होता, आणि बांधावर फेकलेल्या सेलांतून मातीतही जात होता. पुनःपुन्हा भारता येणारे निकेल-कॅडमियमचे सेल पुढे आले, त्यांत कॅडमियम हे दुसरे विष होते.

उष्ण देशांत शुष्क घटाची आणखी एक उणीव आहे, आणि सौरविजेच्या जन्मास तीच निमित्त झाली. प्रकाशापासून वीज मिळू शकते हे फ्रान्समधील एदमों बेकेरेल याने १८३९ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी दाखविले होते. पण व्यवहारात त्याचा उपयोग होण्याजोगी साधने नव्हती. १९५० नंतर बेल प्रयोगशाळेतील डॅरिल चेपिन याच्याकडे असे काम आले की, दूरच्या दमट व उष्ण प्रदेशांतील दूरध्वनीच्या यंत्रणांत शुष्क घट लवकर नासतात, तेव्हा त्यांना पर्याय शोधावा. चेपिन, कॅल्व्हिन फुलर आणि जेराल्ड पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा जो सौरघट तयार केला, तो २५ एप्रिल १९५४ रोजी जाहीर झाला. त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी सुमारे ६ टक्के प्रकाशाची वीज होत होती.

शुष्क घट आणि सौरघट या दोहोंची जाहीर तुलना आकाशात झाली. १७ मार्च १९५८ रोजी अमेरिकेने व्हॅनगार्ड-१ हा सुमारे दीड किलो वजनाचा उपग्रह सोडला. त्यात दोन प्रक्षेपक होते. एक पाऱ्याच्या घटांवर चालणारा आणि एक सौरघटांवर. घटांवरचा प्रक्षेपक त्याच वर्षीच्या जूनमध्ये मुका झाला. उन्हावरचा १९६४ च्या मे महिन्यापर्यंत बोलत राहिला.

तथापि ऊन रात्री नसते. पृथ्वीवर राहणाऱ्यांस रात्रीपुरता का होईना साठा हवा, आणि येथे रांजण पुन्हा चित्रात येतो. जर्मनीतील हेल्महोल्ट्झ याने १८५३ सालीच असे दाखवून दिले होते की, द्रवात बुडविलेल्या धातूच्या पृष्ठावर विजेचे दोन थर समोरासमोर, अत्यंत निकट उभे राहतात. हे अंतर अणुरेणूंच्या मापाचे असते. धारित्राचा नियम असा की, दोन पृष्ठे जितकी जवळ आणि जितकी विस्तीर्ण, तितका साठा अधिक. जवळीक निसर्गाने दिलेली होती. प्रश्न विस्ताराचा होता. तो सोडविला कोळशाने. १९५७ साली जनरल इलेक्ट्रिक कंपनीच्या हॉवर्ड बेकर यास सच्छिद्र कोळशाच्या धारित्राचे पेटंट मिळाले. १९६६ साली स्टँडर्ड ऑइल ऑफ ओहायो या तेलकंपनीच्या रॉबर्ट राइटमायर यास त्याच तत्त्वावरचे पेटंट मिळाले. तेलकंपनीला या वस्तूसाठी गिऱ्हाईक सापडले नाही. तिने ती विद्या जपानच्या एन.ई.सी. कंपनीस दिली, आणि त्या कंपनीने १९७८ साली 'सुपरकपॅसिटर' या नावाने ती बाजारात आणली. काम कोणते, तर वीज गेली असता संगणकाची स्मृती काही काळ शाबूत ठेवणे. पुन्हा अल्प भुकेचेच काम.

या कोळशाचा विस्तार शेतकऱ्याच्या मापात सांगितला तर त्याचे नवल अधिक वाटेल. महाधारित्रात वापरल्या जाणाऱ्या एक ग्रॅम कोळशाच्या सूक्ष्म छिद्रांच्या आतील पृष्ठभाग दीड हजार चौरस मीटर किंवा त्याहूनही अधिक भरतो. म्हणजे जवळजवळ पंधरा गुंठे जमीन चिमूटभर कोळशात दुमडलेली असते. हा कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीपासून करतात. जी करवंटी कोकणात चुलीत जाते, तिच्यावर योग्य संस्कार केला असता ती विजेचा रांजण बनते.

महाराष्ट्राचाही या विद्येत वाटा आहे. १९६२ साली स्थापन झालेल्या कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात सी. डी. लोखंडे आणि त्यांचे सहकारी यांनी पदार्थांचे पातळ थर रासायनिक पद्धतीने बसविण्याच्या विद्येवर दीर्घकाल काम केले, आणि ते थर महाधारित्रांसाठी वापरून पाहिले. या पद्धतीला फार मोठी यंत्रसामग्री लागत नाही. चंचुपात्रातील द्रावणात पट्टी बुडवून, सौम्य उष्णतेवर तिच्यावर ऑक्साइडचा थर चढविता येतो. रुथेनियमसारख्या महाग धातूबरोबरच स्वस्त मँगेनीजचे ऑक्साइडही या संशोधनात होते. ज्या काळ्या भुकटीने शाळांचे फळे सारवले गेले तिच्याच कुळातील हे द्रव्य. ते कणगीतून निघून रांजणाच्या घडणीत आले, एवढाच फरक.

इकडे उपकरणांची भूक उतरतच होती. १९७० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात उन्हावर, किंबहुना टेबलावरच्या दिव्याच्या उजेडावर चालणारी गणकयंत्रे निघाली. त्यांपैकी पुष्कळांना साठाच लागत नसे. १९८८ साली जपानच्या सेको कंपनीने हाताच्या हालचालीवर चालणारे घड्याळ विक्रीस आणले, त्यात मिळालेली वीज धारित्रात साठविली जाई. सायकलच्या डायनामोची गोष्ट तर पुणेकरांस विशेष पटेल. डायनामोचा दिवा चाक फिरते तोपर्यंतच जळे. चौकात सायकल थांबली की अंधार, आणि बिनदिव्याचा स्वार पोलिसाच्या तावडीत. युरोपात अशा दिव्याला एक लहानसे महाधारित्र जोडून, सायकल थांबल्यावरही काही मिनिटे प्रकाश टिकेल अशी व्यवस्था करण्यात आली. दिव्यांमध्ये खरी क्रांती झाली ती एल.ई.डी.मुळे. १९९० नंतरच्या दशकात निळा प्रकाश देणारा तेजस्वी एल.ई.डी. सिद्ध झाला, त्यावरून पांढरा प्रकाश मिळू लागला, आणि या शोधाबद्दल अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. जुन्या दोन सेलांच्या बॅटरीतील काचेचा बल्ब सुमारे पाऊण वॉट खाई. पायापुढची वाट दाखवावयास एल.ई.डी.ला त्याच्या सातव्या-आठव्या हिश्श्याची वीज पुरते.

आता शिरूर-दौंडच्या रात्रीकडे वळावयास हरकत नाही. या तालुक्यांत कालवे, धरणे आणि विहिरी यांच्या पाण्यावर ऊस वाढला, आणि उसाच्या दाट फडांत बिबट्या वस्तीस आला. शेतीपंपांना वीज आळीपाळीने दिवसा आणि रात्री देण्याची रीत राज्यात दीर्घकाल चालत आली, त्यामुळे मध्यरात्री फडात उतरणे शेतकऱ्याच्या नशिबी आले. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात शिरूर तालुक्यातील पिंपरखेड आणि जांबुत येथे बिबट्याच्या हल्ल्यांत माणसे दगावली, त्यांत लहान मुलेही होती. दिवसा शेताला वीज मिळावी म्हणून राज्य शासनाने २०१७ साली मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना काढली. शिरूरच्या शेजारच्या पारनेर तालुक्यातील राळेगणसिद्धी हे तिच्या प्रारंभीच्या स्थळांपैकी एक. परंतु अंधार पडल्यावर घराबाहेर पाऊल टाकणाऱ्याच्या हातात दिवा लागतोच. तो ऐन वेळी विझणे ही येथे केवळ गैरसोय राहत नाही.

म्हणून हिशेब चोख केला पाहिजे. बाजारात मिळणारे १०० फॅराडचे, अंगठ्याहून जाड असे एक महाधारित्र पूर्ण भरले असता त्यात सुमारे ३६४ ज्यूल ऊर्जा मावते, आणि तिच्यापैकी तीन चतुर्थांश, म्हणजे २७३ ज्यूल, सुलभतेने वापरता येते. चांगल्या प्रतीच्या एका बोटभर सेलात दहा हजार ज्यूलच्या आसपास ऊर्जा असते. एक-दशांश वॉटचा एल.ई.डी. त्या महाधारित्रावर पाऊण तास जळेल. अंगणातून गोठ्यापर्यंत आणि परत, इतक्या कामाला तो पुरे. परंतु अर्ध्या वॉटचा दिवा तीन तास लावून मुलांनी अभ्यास करावयाचा म्हटला तर ५,४०० ज्यूल हवेत, आणि त्यासाठी अशी वीस महाधारित्रे जोडावी लागतील. तेथे शहाण्याने कणगीच पत्करावी. रात्रभर फडात उभे राहणाऱ्याच्या हातीही भरवशाची बॅटरीच असली पाहिजे; त्याच्या बाबतीत प्रयोग करणे योग्य नव्हे.

उलट वस्तीच्या कडेला रात्रभर लुकलुकणाऱ्या इशाऱ्याच्या दिव्याचा विचार करावा. एक-विसांश वॉटचा दिवा दर सेकंदास त्याच्या दशांश भागापुरताच लागला, तर बारा तासांच्या रात्रीत तो अवघे २१६ ज्यूल खर्च करील. म्हणजे एका महाधारित्रावर त्याची रात्र निभते. ते भरावयास एक वॉटचे लहान पॅनेल असेल तर स्वच्छ उन्हात दहा मिनिटेही लागणार नाहीत; आणि या पर्जन्यछायेच्या मुलखात ऊन हे असे पीक आहे की ज्याचा दुष्काळ क्वचितच पडतो. रोज एकदा भरणे आणि एकदा रिकामे होणे, याप्रमाणे दहा वर्षांत ३,६५० फेरे होतात. पुनःपुन्हा भारता येणारे सामान्य सेल पाचशे ते हजार फेऱ्यांत थकतात. महाधारित्र लाखो फेरे सोसते. त्यालाही उन्हाची झळ बाधते, हे खरे. पत्र्याच्या डबीत तापत ठेवल्यास त्याचे आयुष्य घटते, म्हणून त्याला पॅनेलच्या सावलीत बसविणे बरे. शिवाय भरून ठेवलेले महाधारित्र वापरले नाही तरी काही दिवसांत ओसरते. आषाढातील सलग झाकोळलेल्या दिवसांसाठी त्याच्यावर विसंबता येत नाही.

जमिनीतील ओल मोजणारी यंत्रे, पावसाची नोंद ठेवणारी मापके, विजेच्या मीटरमधील घड्याळे, रस्त्याच्या वळणावरचे चमकणारे खडे, ही सारी या इशाऱ्याच्या दिव्याच्या जातीची उपकरणे होत. ती थोडे खातात, वारंवार खातात, आणि वर्षानुवर्षे कोणी लक्ष न देता त्यांनी काम करावे अशी अपेक्षा असते. यांच्यातील सेल बदलावयास माणूस पाठविणे हे सेलच्या किमतीहून महाग पडते. येथे पॅनेल आणि महाधारित्र यांची जोडी बॅटरीची जागा खुशाल घेऊ शकेल, आणि काही ठिकाणी तिने ती घेतलीही आहे.

दौंडच्या तारायंत्रापासून शिरूरच्या उसापर्यंतचा हा इतिहास पाहिला असता, नव्या साठवणीची निवड कशी करावी याचा एक धडा त्यातून निघतो. प्रथम उपकरणाची भूक मोजावी. ती किती कमी करता येईल ते पाहावे. मग ती रोज किती भरून निघते ते पाहावे. आणि साठा किती मोठा हवा हा प्रश्न सर्वांच्या शेवटी विचारावा. व्हॉल्व्हच्या रेडिओला यांपैकी पहिल्या प्रश्नाचे उत्तर नव्हते, म्हणून तो बॅटरीचा बंदा राहिला. ट्रान्झिस्टरने आणि एल.ई.डी.ने ते उत्तर दिले, म्हणून आज करवंटीच्या कोळशालाही रात्रीचा दिवा सांभाळता येतो. देशावरच्या जुन्या घरांत माजघरात कणगी असे आणि पडवीत रांजण. धान्य रांजणात भरण्याचा किंवा पाणी कणगीत ओतण्याचा उपद्व्याप कोणी केला नाही. विजेच्या संसारातही दोन्ही भांडी राहतील. त्यांपैकी जे रोज उन्हाने भरते, त्याच्यापुरती तरी बाजाराची वाट शिरूर-दौंडच्या शेतकऱ्यास धरावी लागणार नाही, आणि त्याच्या बांधावर तितके सेल कमी पडतील.